एकशे सतरा जहाजे मिळणेबाबत

वरच्या कार्यालयाकडे एकशे सतरा जहाजं मागितल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत चहात बिस्किट बुडवून बसलो होतो. पत्र वाचता वाचता बिस्किट तुटलं आणि कपाच्या तळाशी गेलं. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी खडूचा जादा डबासुद्धा मागितला नव्हता. 'एवढ्या मोठ्या संख्येने जहाजांची मागणी करण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहून करावा,' असं त्या पत्रात होतं, आणि खाली कोणाची तरी वेलांटी घेत गेलेली सही होती.

एकशे सतरा हा आकडा माझा नाही, हे आधीच सांगतो. माझी मागणी फार लहान होती आणि तिच्यात जहाजाचा उल्लेखही नव्हता. पण हे सगळं क्रमानेच सांगायला हवं.

त्याचं असं झालं, की आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आठवी ब चे त्यांचे निबंधाचे तास मला मिळाले. मी इतिहासाचा शिक्षक. पण वेळापत्रकात माझ्या नावापुढे दोन चौकोन रिकामे होते, आणि आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांना रिकामा चौकोन बघवत नाही. हस्तपुस्तिकेत धडा होता, 'पटवून देणारे लेखन'. मी पहिल्या तासाला 'झाडांचे महत्त्व पटवून द्या' असा विषय दिला. बेचाळीस मुलांनी बेचाळीस वेळा लिहिलं, की झाडे आपल्याला सावली, फळे व प्राणवायू देतात. त्याच क्रमाने. ते वाचून माझीच झाडांबद्दलची आस्था कमी झाली.

हे गठ्ठे मी घरी तपासतो. घरी मी एकटाच असतो. बायको जाऊन पाच वर्षं झाली, आणि मुलगी समुद्रापलीकडे नोकरीला आहे. संध्याकाळी साडेपाचला कुलूप काढून आत शिरलं, की घरात सकाळचीच हवा असते. सकाळी ज्या खुर्चीवर टॉवेल टाकला, त्याच खुर्चीवर तो असतो. यात नवल काय, असं कोणी म्हणेल. नवल काहीच नाही, तीच तर तक्रार आहे.

मुलीचा फोन रविवारी सकाळी दहाला येतो. अकरा मिनिटं चालतो. मी मोजत नाही, बोलणं संपलं की फोन स्वतःच दाखवतो. आठवडाभर मी तिला सांगायच्या गोष्टी कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवतो. जिन्यातला दिवा बदलला, गणिताचे सर पडले (पण लागलं नाही), मागच्या गल्लीतलं मांजर आता आपल्या खिडकीत बसतं, असं सगळं. मग फोन येतो. ती विचारते, "जेवलात का, बाबा? औषध घेतलं? बाकी काय?" आणि मी म्हणतो, "बाकी सगळं मजेत." कॅलेंडरचं पान तसंच राहतं.

तर झाडांच्या त्या गठ्ठ्यावर बसून मी ठरवलं, की मुलांना पटवून द्यायला शिकवायचं असेल, तर ज्यांचं आयुष्यच पटवून देण्यात गेलं अशा लोकांपासून सुरुवात करावी. म्हणजे दर्यावर्दी. नव्या वाटा शोधणारे खलाशी. आपण इतिहासात त्यांनी कोणता किनारा कोणत्या साली पाहिला, एवढंच शिकवतो. पण त्याआधीची सात-आठ वर्षं हे गृहस्थ राजांच्या दारात अर्ज घेऊन ताटकळत उभे असत, ते कोणी सांगत नाही. एकाने तर पृथ्वी आहे त्यापेक्षा बरीच लहान दाखवली, म्हणजे प्रवास जवळचा वाटावा. त्यानेच पुढे समुद्रावर दोन हिशेब ठेवले, एक खऱ्या अंतराचा आणि एक खलाशांना सांगायचा, थोडा कमी. दुसरा एक जण एका श्रीमंत दरबारात भेट म्हणून टोप्या आणि हात धुण्याची भांडी घेऊन गेला आणि हसं करून घेऊन परत आला.

हे सांगताना आठवी ब पहिल्यांदा जागी झाली. मी फळ्यावर लिहिलं, 'राजाला आपली गरज सांगू नका. राजाचा फायदा सांगा.' पटवून देण्याचा हा पहिला नियम, असं मी ठासून सांगितलं. तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिला वर्गात सगळे 'शंका' म्हणतात, कारण तिची सगळी वाक्यं तिथूनच सुरू होतात.

"सर, एक शंका. त्यांनी घरी विचारलं होतं का?"

"कोणी?"

"खलाशांनी. जाण्याआधी. घरच्यांना."

"तशी इतिहासात नोंद नाही," मी म्हणालो. ती बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मी सांगितलं, तुम्ही प्रत्येक जण खलाशी आहात, राजाला पत्र लिहा आणि जहाजं मागा. मला वाटलं होतं, मुलं काहीतरी रोमांचक लिहितील. पण आमच्या मुलांना कोणाकडे काही मागायचा एकच प्रकार शिकवलेला आहे. गठ्ठा हातात आला तेव्हा वरच्या पत्रावर होतं :

'प्रति, माननीय राजेसाहेब, राजवाडा. विषय : तीन जहाजे मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी आपल्या राज्याचा कायमचा रहिवासी असून मला लहानपणापासून समुद्राची आवड आहे.'

सगळे अर्ज असेच. पण आत काय एकेक मजा! एकाने लिहिलं होतं, 'जहाज जुने असले तरी चालेल, रंग मी देईन.' एकाने अकरा जहाजं मागितली होती, 'त्यांपैकी चार बुडतील असे गृहीत धरले आहे.' एकाने अर्जासोबत पोहता येत असल्याचा दाखला जोडला होता, स्वतःच लिहिलेला. एकाने कळवलं होतं, 'आईची परवानगी आहे. बाबांना अजून सांगितलेले नाही.' आणि शंकाने काय करावं? तिने खलाशाच्या मुलीतर्फे अर्ज केला होता. विषय : वडिलांना जहाज न देणेबाबत. 'महाराज, ते गेले की नकाशात नवीन बेट येईल, पण आमच्या घरात एक माणूस कमी होईल. तरी कृपया जहाज देऊ नये.' मी तिला दहापैकी नऊ दिले. एक गुण विषय सोडून लिहिल्याबद्दल कापला आणि मग बराच वेळ ते पान तसंच समोर ठेवून बसलो.

त्या संध्याकाळी समोरच्या दारातले काका आले. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण सल्ल्याच्या पुरवठ्यातून नाही. ते बसतात अर्धा तास आणि जाताना दारात उभे राहतात एक तास. त्यांनी दोन-तीन अर्ज वाचले, मान हलवली.

"अर्ज उत्तम आहेत. पण यांना वजन नाही."

"मुलांचे निबंध आहेत, काका."

"तेच ना. हा कागद कुठे जाणार नाही, हे पोरांना ठाऊक आहे. ज्याला कोणी वाचणार नाही, तो कोणाला पटवणार? निदान आवक शिक्का तरी मारून घ्या. शिक्का बसला की कागदाचा चेहरा बदलतो. आमच्याकडे एक माणूस शिक्का बसलेला अर्ज घेऊन नुसता बघत बसायचा. नळाला पाणी आलं नाही, पण माणूस शांत झाला."

मला ही कल्पना एकदम आवडली. काकांचा सल्ला आवडावा, हीच खरी धोक्याची खूण होती, पण ती मला उशिरा कळली.

दुसरी भानगड शंकामुळे झाली. तासाच्या शेवटी ती उठून म्हणाली होती, "सर, एक शंका. तुम्ही लिहिणार का?"

"मी कशाला लिहू? मी शिक्षक आहे."

"पण तुम्हालाही काहीतरी हवं असेलच ना, सर?"

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, उद्या लिहून आणतो. काका गेल्यावर मी शाळेचाच रेघांचा कागद घेतला. राजाकडे मला काही मागायचं नव्हतं. जिच्याकडे मागायचं होतं, तिला लिहिलं. 'प्रति, चि. सौ. का...' मग ते खोडलं आणि नुसतं 'प्रति, माझी मुलगी' लिहिलं. विषय : सुट्टीत घरी येऊन राहणेबाबत. नियम माझाच होता, म्हणून सगळे तिचे फायदे लिहिले. तुझ्या खोलीला रंग दिला आहे. खिडकीची कडी आता लागते. समोरच्या बांधकामाची धडधड थांबली आहे. नळाला पूर्ण दाबाने पाणी येतं, याची समोरचे काका खात्री देतात. मला चार भाज्या करता येतात, त्यांपैकी दोन खाण्यासारख्या होतात. खिडकीत मांजर येतं. शेवटी 'तरी वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहून सही केली. कागद चांगला उतरला होता. मसुदे करण्यात माझा हात बसलेला आहे. तिच्या परदेशातल्या नोकरीच्या अर्जाचा मसुदासुद्धा मीच केला होता. इतका पटणारा, की तिसऱ्याच दिवशी होकार आला.

दुसऱ्या दिवशी तो मी वर्गात वाचणार होतो. दोनदा घसा साफ केला. मग समोर बेचाळीस तोंडं बघितली आणि धीर झाला नाही. म्हणालो, "माझं लिहायचं राहिलं," आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. तास संपला. तेवढ्यात दारात भाऊसाहेब दिसले.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या कार्यालयातले कारकून. आवक-जावक रजिस्टर त्यांच्या ताब्यात असतं, आणि त्यात आजवर एकही खाडाखोड नाही, ही त्यांची आयुष्यातली मिळकत. मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, प्रत्येकावर एक शिक्का मारून द्याल का? त्यांनी गठ्ठा तळहातावर तोलला. "मारतो," म्हणाले. "उद्या या."

घरी आलो, टॉवेल त्याच खुर्चीवर होता, आणि मला आठवलं की आपला कागद तळाशी आहे. सकाळी मी घंटेच्या आधी कार्यालयात हजर.

"भाऊसाहेब, गठ्ठा?"

"गेला."

"कुठे गेला?"

"वर. कालच्याच टपालात."

मला खुर्ची शोधावी लागली. "अहो, मी नुसता शिक्का मारा म्हणालो होतो!"

"तेच तर," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "आवक शिक्का बसला की कागद जिवंत झाला, सर. जिवंत कागद शाळेत ठेवता येत नाही. एक तर निकाली काढायचा, नाहीतर वर पाठवायचा."

"पण ते अर्ज राजाला लिहिले होते!"

"वाचले मी. राजा म्हणजे सक्षम अधिकारी. जहाजाच्या बाबतीत सक्षम अधिकारी आपल्या शाळेत नाही. मोठ्या बाईंची सही घेतली, 'आवश्यक कार्यवाहीसाठी सादर' लिहिलं आणि त्रेचाळीस अर्ज पाठवले."

"बेचाळीस," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"त्रेचाळीस. मी दोनदा मोजले." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. खालून दुसऱ्या ओळीत सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'सुट्टीत घरी येऊन राहणेबाबत.' माझ्या घरातली एवढीशी गोष्ट, क्रमांकासकट, पंख्याच्या दुरुस्तीच्या वर आणि जहाजांच्या खाली.

पुढचे अठरा दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. मोठ्या बाईंना सांगायचं धाडस नव्हतं. काकांना सांगितलं. ते म्हणाले, आजारी पडा. मग म्हणाले, नको, आजारी पडलात तर बघणार कोण? हे ते सहज बोलून गेले. मला मात्र ते दोन दिवस पुरलं. रविवारी फोन आला. मुलीने विचारलं, "आवाज असा का येतोय, बाबा?" मी म्हणालो, "रेंज नाही." बाकी सगळं मजेत, असं सांगून मी अकरा मिनिटांच्या आतच आवरतं घेतलं, कारण आपलं मन एका सरकारी टेबलावर उघडं पडलंय हे तिला कसं सांगणार?

आणि मग ते खुलाशाचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी ते माझ्यासमोर तीनदा वाचलं.

"सर, जहाजं?"

"निबंध होता, बाई. पटवून देणारा."

"माझी सही आहे यावर."

"आहे."

"म्हणजे मी जहाजं मागितली." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "माझ्या वडिलांना मी काय सांगू?" मोठ्या बाईंचे वडील नव्वदीचे आहेत. या सगळ्यात त्यांचा काय संबंध, ते मी विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी आठवतंच. मला कोण आठवलं, ते सांगायला नको.

आम्ही दोघं बसने वरच्या कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक एकवर सांगितलं, तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, पत्रावर शाई निळी आहे, निळी शाई दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जेवायला गेले होते, आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा कोट त्यांच्या वतीने हजर होता. दोन तासांनी आम्ही टेबल क्रमांक सातसमोर पोहोचलो. तिथे चष्म्याला दोरी लावलेले, निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ बसले होते. समोर आमचा गठ्ठा. प्रत्येक अर्जाला टाचणीने एकेक पिवळा कागद लावलेला.

मी खुलाशाला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"पहिल्या दोन अर्जांतच कळलं मला, की मुलांनी लिहिलेत," ते म्हणाले. "पण आवक शिक्का आहे. छाननी करावीच लागते. केली." आणि त्यांनी एकेक पिवळा कागद वाचायला घेतला. "अर्ज चार. चार जहाजे बुडणार असल्यास मुळात सातच का मागू नयेत, हे स्पष्ट व्हावे. अर्ज नऊ. रंग कोणता देणार, याचा उल्लेख नाही. अर्ज सतरा. पोहण्याचा दाखला अर्जदाराने स्वतःच दिला आहे, तो ग्राह्य धरता येत नाही. अर्ज तीस. वडिलांना कळवून मग अर्ज करावा."

मोठ्या बाई गालाला हात लावून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

"आणि हा बेचाळीस," टेबल सात म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो पुसला. "जहाज न देणेबाबत. ही हरकत आहे. घरच्या माणसाची हरकत आली, की बाकीच्या एक्केचाळीस अर्जांवर निर्णय घेता येत नाही. हरकतीचं निवारण होईपर्यंत सगळी एकशे सतरा जहाजं स्थगित. तसं मी लिहिलंय."

मग त्यांनी शेवटचा कागद उचलला. माझे कान तापले. मोठ्या बाई शेजारीच होत्या. पण त्यांनी तो वाचला नाही. घडी घातली, पिवळा कागद आतल्या बाजूला केला आणि माझ्या हातात दिला.

"हा आमच्या अखत्यारीत येत नाही," ते एवढंच म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा ओढला.

बसमध्ये मोठ्या बाई खिडकीशी बसल्या आणि डोळे मिटून घेतले. मी घडी उघडली. पिवळ्या कागदावर बारीक, तिरक्या अक्षरात तीन ओळी होत्या. 'लाभ सविस्तर नमूद आहेत. कारण नमूद नाही. त्रुटीची पूर्तता करून संबंधितांकडे थेट अर्ज करावा.'

मला आधी रागच आला. मी मसुद्यात चूक काढू देणारा माणूस नाही. पण बस दोन थांबे पुढे जाईपर्यंत मी अर्ज पुन्हा वाचला. रंग, कडी, पाण्याचा दाब, मांजर. कारण खरंच नव्हतं.

सोमवारी मी वर्गात पिवळे कागद वाटले. मुलांनी असा गोंधळ घातला, की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. त्यांच्या लिखाणाला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं होतं. अकरा जहाजंवाला तिथल्या तिथे सातचा अर्ज लिहायला बसला. रंगवाल्याने हिरवा ठरवला. आणि सगळे शंकाच्या बाकाभोवती जमले, कारण तिची हरकत हटल्याशिवाय कोणालाच जहाज मिळणार नव्हतं. बेचाळिसांपैकी एक्केचाळीस मुलं त्या तासाला एका मुलीला पटवून देत होती, आणि ती ऐकत नव्हती. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. असा तास मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

आणि शुक्रवारी भाषेच्या बाई रजेवरून परत आल्या. वेळापत्रकात माझ्या नावापुढचे दोन चौकोन पुन्हा रिकामे झाले. मोठ्या बाईंनी 'यापुढे दक्षता घ्यावी' अशी समज दिली आणि समज देतानाही एकदा हसल्या. त्या रिकाम्या तासाला मी शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो. पलीकडून आठवी ब चा आवाज येत होता. झाडे आपल्याला सावली देतात. मला फार वाईट वाटलं. इतकं, की बिस्किट तसंच ठेवलं.

मधल्या सुट्टीत शंका दारात आली.

"सर, एक शंका. तुमचा अर्ज पण गेला होता ना? भाऊसाहेब म्हणाले त्रेचाळीस."

भाऊसाहेबांच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नसते, पण तोंडाला झाकणही नसतं. "गेला होता," मी म्हणालो. "परत आला."

"काय त्रुटी निघाली?"

"कारण लिहिलं नव्हतं."

"मग लिहा ना, सर. आम्ही सगळ्यांनी दुरुस्त केले," ती म्हणाली आणि पळाली.

घरी आलो. टॉवेल खुर्चीवर होता. मी अर्ज टेबलावर सरळ केला, पेन घेतलं आणि 'कारण :' एवढं लिहून थांबलो. सत्तावीस वर्षं मी मुलांना 'सकारण स्पष्ट करा' असं विचारत आलो आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मांजर खिडकीत येऊन गेलं. शेवटी मी लिहिलं, 'घरात बोलायला कोणी नाही. मी फोनवर मजेत म्हणतो ते खरं नाही. तुझी आठवण येते.' तीनच वाक्यं, पण त्यांना पूर्ण मसुद्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग फोनने त्या कागदाचा फोटो काढला. शिक्का, आवक क्रमांक, पिवळा कागद, सगळं दिसेल असा. पाठवला आणि फोन उशीखाली ठेवून दिला, जणू काही तो तिथे निमूट बसणार होता.

रविवार दोन दिवसांवर होता. पण फोन अर्ध्या तासात वाजला. जेवलात का, असं तिने विचारलं नाही.

"बाबा," ती म्हणाली. "आई जाऊन पाच वर्षं झाली हो."

"हो," मी म्हणालो.

"मला वाटायचं, तुम्हाला एकटंच बरं वाटतं. फोन पण तुम्हीच लवकर ठेवता."

ती नाक ओढत होती, आणि मी पलंगाच्या काठावर बसून ऐकत होतो. मग कॅलेंडरचं पान काढून मी तिला गणिताचे सर पडल्याचं सांगितलं. ती हसली. जिन्यातल्या दिव्याचं सांगितलं. मांजराचं सांगितलं. जहाजांचं सांगितलं, तेव्हा तिला ठसका लागला. पान पाठपोट संपलं, तेव्हा कुकर कधीचा गार झाला होता.

"मी आत्ताच रजेचा अर्ज लिहितेय," ती म्हणाली. "इथे कारण द्यावं लागतं. 'वडील आजारी' लिहिलं की लगेच मिळते."

"खबरदार!" मी म्हणालो. "मी ठणठणीत आहे. एक दिवसाचीसुद्धा आजारपणाची रजा घेतलेली नाही मी."

"मग काय लिहू?"

फायदे खूप सुचले, पण ते सगळे गिळले.

"लिही, वडिलांनी बोलावलं आहे."

पलीकडे टक टक झाली, ती लिहीत असावी. मग थांबली.

"एवढंच? पुरेल एवढं कारण?"

"पाठवून तर दे," मी म्हणालो. "त्रुटी निघाली, तर आपण दोघं मिळून बघू."